मागच्या चाकातली कडी

भाई गेला तो मंगळवार होता. तो शेतावरून आला, ओट्यावर बसला, त्यानं पाणी मागितलं. भाभी पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा तो गेला होता. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी दफन झालं. मी पुण्यातल्या बावधनहून पोचले तेव्हा माणसं माती देऊन परतत होती.

त्यानंतरचा पावसाळा मला फारसा आठवत नाही. आठवते ती त्या पावसाच्या शेपटाला आलेली भातकापणी. दिवाळीच्या मागेपुढे हवा कोरडी होते, सकाळी ओठ फुटतात, हात खरखरीत होतात. यंदाही झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावताना बोटांच्या कडा कापडी बांधणीला अडकायला लागल्या आणि मी टेबलाशी येऊन बसले. समोर एक मुलगी कुठलंसं पुस्तक मागत होती. तिला मी पुन्हा पुन्हा "काय म्हणालीस?" असं विचारत राहिले. शोक रडू घेऊनच येतो असं मला वाचून वाटायचं. माझ्याकडे तो थकव्यासारखा येतो. दिवसभर काही उचललेलं नसतं आणि संध्याकाळी खांदे भरून येतात.

मुठा गावात आमचं घर रस्त्यापासून जरा खाली आहे. पुढे ओटा, मागे परस, परसाला कारवीचा कूड आणि कुडापलीकडे बबनतात्यांचं वावर. आमचे अब्बा पौडच्या बाजारात कापडाचं दुकान चालवत. थोरल्या मुलानं दुकान सोडून भात धरलं आणि धाकट्या मुलीनं पुस्तकं धरली, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. भाई आणि शमीमभाभीला मूल झालं नाही. मी लग्न केलं नाही. अब्बा-अम्मी गेल्यावर घर म्हणजे आम्ही तिघंच होतो, आणि त्या तिघांत मी शनिवार-रविवारची.

भाईची गाडी घेतली तेव्हाच जुनी होती. पांढरी, चार दारांची, मागच्या दाराला आतून कडी नसलेली. भाईनं ती घेतली आणि त्याच वर्षी बैल विकले. आमच्याकडे भाताच्या पेंढ्या फळीवर झोडतात. तरी काही दाणा पेंढ्याला धरून राहतोच. तो सोडवायला पेंढा खळ्यावर पसरून वरून बैल फिरवायचे. बैल गेले, पेंढा राहिला. मग भाईनं गाडी खळ्यात घातली आणि गोल गोल फिरवायला लागला.

बबनतात्या कुडापाशी धावत आले. "आरं यासीन, डोस्कं फिरलं का तुजं? ती मोटार हाय का बैल?"

"तात्या, हिला कडबा नको, पेंड नको. आन शेणबी टाकत न्हाई."

"त्येच म्हणतोय मी! मग खळं सारवाय शेण कुटनं आणणार हाईस?"

शेण तात्यांच्याच गोठ्यातून यायला लागलं, आणि बदल्यात तात्यांचा पेंढाही आमच्या खळ्यात येऊ लागला. भाभी गाडी चालवायला शिकली ती याच खळ्यावर. भाई मधोमध पाटावर बसायचा आणि ती त्याच्याभोवती फिरायची. बैल जसे डावीकडून फिरत तशीच. आठवडाभरानं तिनं जाहीर केलं, "मला येतीय गाडी. निस्तं डावीकडं वळायचं येतंय." भाई म्हणाला, "लई झालं. पुण्याला गेलीस की चांदणी चौकात घिरट्या घालत बस." पुढे ती उजवीकडेही वळायला शिकली, पौडच्या बाजारापर्यंत जाऊ लागली. पण मला ती अजून त्या खळ्यावरच दिसते. पदर खोचलेला, मान ताठ, चाकाखाली चुरचुरणारा पेंढा आणि मागे उडणारी पिवळी धूळ.

रोज एकाच अंगाला वळत राहिलं की भार बाहेरच्या चाकावर येतो. उजवं मागचं चाक घूं घूं करायला लागलं त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. भाई म्हणायचा, "कापणी होऊ दे, मग बघू." शेतकऱ्याच्या घरात सगळ्याच गोष्टी कापणीनंतर बघायच्या असतात. त्या पावसात गाडी परसात उभी राहिली. हलवायला गेलो तर ते चाक जात्यासारखं दळायला लागलं आणि अर्ध्यात अडलं.

नवरा गेला की आमच्यात बाई इद्दत पाळते. चार महिन्यांहून थोडी जास्त ती घरातच राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही, नटत नाही. मुदत संपली की माहेरची माणसं येतात आणि तिला घेऊन जातात. भाभीचं माहेर ताम्हिणी उतरून खाली, माणगावकडे. तिचे थोरले भाऊ इकबालभाई. माणूस सरळ, बोलणं मऊ. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलेलं नाही. भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या त्या सुमारास त्यांचा फोन आला. भाभीच्या हाताला पीठ होतं, म्हणून तिनं मला फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा करायला सांगितलं.

"शमी, तुझी मुदत संपली की मी येतो. लागेल तेवढंच सामान बांध. बाकीचं मग बघू."

"बाकीचं म्हंजी काय?"

"घर, शेत. एकटी बाई तिथं काय करणार तू? शनिवार-रविवारचे बंगले बांधणारे दारात उभेच आहेत. इथं तुला काही कमी पडणार नाही."

"आन गाडी?"

इकबालभाई हसले. "ती कोण घेणार? भंगारात जाईल."

फोन बंद झाल्यावर भाभी बराच वेळ तेच पीठ मळत राहिली. कोकणातून आलेली ही बाई आता आमच्यापेक्षा जास्त मावळी बोलते. ती म्हणाली, "नसीम, ज्याच्या गाडीत बसून जाईन, त्याला सवड होईल तवा परत येईन मी. आन त्याला सवड व्हायची न्हाई."

"मग जाऊ नकोस."

"न जाऊन कसं चालंल? माझी अम्मी हाय तितं. वाट बघतीया." तिनं परात झाकली. "आपल्या गाडीतनं जायचं. आपल्या गाडीतनं यायचं."

म्हणजे चाक उघडायचं. मी पौडच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, घेऊन या. फिरत नाही म्हटलं तर म्हणाला, ट्रॅक्टरला बांधून आणा. कापणीच्या तोंडावर खोऱ्यात मोकळा ट्रॅक्टर कुठला? आणि गॅरेजवाला इथं यायला तयार असता तरी परसात हत्यारं घेऊन बसलेला परका माणूस भाभीला त्या दिवसांत नको होता. भाईची हत्यारं घरात होती. डाव्या चाकाचं बेरिंग त्यानं एकदा घरीच बदललं होतं आणि भाभीनं तेव्हा बॅटरीचा उजेड धरला होता. मी पुण्यातून नवं बेरिंग आणलं, रजा टाकली, आणि मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ शोधून तिला दाखवला. त्याच्या हातात ते अलगद निघालं. भाभीनं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "त्या बाबाचं चाक काय मुठ्याला राहत न्हाई."

सकाळी दव वाळल्यावर आम्ही कामाला बसलो. जॅक मातीत रुतायला लागला तेव्हा खाली भात झोडायची फळी घातली. चाक निघालं. मधली पत्र्याची टोपी निघाली, पिन निघाली, नट निघाला. चाकामागचा ब्रेकचा ड्रम मात्र बसून राहिला. कडेनं हातोडीनं ठोकत, हलवत, ओढत तो शेवटी हातात आला तेव्हा त्याच्यामागून गंजाचं लाल पीठ सांडलं. आत ग्रीसच्या जागी काळा चिखल होता, आणि रबरी सीलच्या मागे गोल गोल गुंडाळलेला पेंढा. कितीतरी हंगामांचा पेंढा, दोरीसारखा पीळ पडलेला. तोच आत पाणी धरून ठेवत होता. मी तो हातात घेऊन बघत बसले. भाभीनं माझ्या हातातून काढून चुलीत टाकला. "आता काय त्याचं लोणचं घालतीस?"

बेरिंगचे रोळे, म्हणजे बारके रोलर, आणि आतला भाग हातानं सुटला. पण त्याची बाहेरची पोलादी कडी ड्रमच्या पोटात घट्ट बसवलेली असते, आणि नवं बेरिंग घालायचं तर ती निघायलाच हवी. ती गंजून ड्रमशी एकजीव झाली होती. भाभीनं ड्रम दोन लाकडांवर ठेवला, मागून छन्नी लावली, आणि मी हातोडा मारला. कडी हलली नाही. आम्ही पाळी बदलली. दुपारपर्यंत परसात तेवढाच आवाज होता.

बबनतात्या रोज येत. इद्दतीतल्या बाईकडे बघायचं नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते कुडापलीकडे पाठ करून उभे राहत आणि आपल्या वावराकडे बघत सल्ला देत.

"नसीमताई, डिझेल सोडलंय का कडंनं?"

"सोडलंय, तात्या."

"मंग निघंल. ठण वाजतंय तवर न्हाई निघायची. डब वाजाय लागलं की समजायचं सुटली."

थोड्या वेळानं खरोखरच डब वाजायला लागलं. "बगा!" तात्या भाताला म्हणाले. पण कडी सुटली नव्हती. आम्ही एकाच बाजूनं मारत राहिलो होतो. ती बाजू खाली गेली, समोरची तिथंच राहिली, आणि कडी ड्रमच्या पोटात तिरपी होऊन आडवी बसली. आता ती खालीही जाईना आणि वरही येईना.

भाभीनं छन्नी खाली ठेवली. तिचे तळवे फुटले होते. ती मातीतच बसली, ड्रमकडे पाठ करून. कुडापलीकडे दोन माणसं पाठी करून आणि अलीकडे एक, असं काहीसं ते दृश्य होतं. कारण तात्यांच्या शेजारी त्यांची म्हातारी बायकोही तशीच येऊन उभी राहिली होती. खाली वावरात बगळे उतरत होते. मग भाभी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जाते मी इकबालभाईबरोबर."

तिचा आवाज भांडणाचा नव्हता, रडण्याचाही नव्हता. झोप आलेलं माणूस बोलतं तसा होता. भाई गेल्यापासून मी तिला असं खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. लोक भेटायला येत होते तेव्हा ती चहा करत होती. चाळिसाव्याला ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, हिला नेऊ दे माहेरी. झोपू दे. मीही दमले आहे. शनिवारी एसटीनं येऊन त्या रिकाम्या ओट्यावर पाय ठेवायचा, तो पुन्हा पुन्हा ठेवायचा, हे मला तरी कुठं झेपतंय? दोघींनी सोडून द्यावं आणि इथं कुणाचा तरी बंगला होऊ द्यावा. हे मी बोलले नाही. मी तिच्याशेजारी बसले. तात्यांच्या बायकोनं कुडाच्या फटीतून ताकाचा तांब्या आत सरकवला.

ताक पिऊन झाल्यावर तात्या म्हणाले, "आमच्या बाच्या वक्ताला बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचे. तापवून लाल करायचे आन घालायचे. गार झाली की आसं आवळायची, आसं आवळायची! तुमीबी तापवा ती कडी."

भाभीनं तोंड पुसलं. "कडी तापवून काय व्हनार, तात्या? ती अजून फुगून बसंल."

"मंग नका तापवू."

ती ड्रमकडे वळली. "धाव बाहेरनं असती, म्हणून ती तापवत्यात," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "हितं उलटं हाय. बाहेरलं तापवाय पायजे. आन आतलं गार."

दुसऱ्या सकाळी तिनं मागच्या वर्षीचं भाताचं तूस आणलं, मडकी भाजायच्या खड्ड्यासारखा खड्डा केला, ड्रम स्वच्छ पुसून त्यात ठेवला आणि चहूबाजूंनी तूस रचून पेटवलं. तुसाला ज्वाळा नसते. ते आतल्या आत धुमसतं आणि उष्णता धरून ठेवतं. आमच्याकडे दुधाचं मडकं तापतं ते यावरच. मधलं तोंड तिनं राख पडू नये म्हणून खापरीनं झाकलं होतं. धूर कुडावरून पलीकडे गेला तसे तात्या खोकले, पण वळले नाहीत. दुपारी आम्ही ड्रम चिमट्यांनी बाहेर काढला. भाभीनं ओल्या फडक्यात बर्फ बांधून आतल्या कडीवर फिरवला. चर्र झालं. मग तिनं वर राहिलेल्या बाजूला छन्नी धरली आणि मला म्हणाली, "हळू मार. आधी सरळ करू." कडी सरळ झाली. मग एक ठोका इकडे, एक ठोका समोर, पुन्हा इकडे. ती खाली सरकत गेली आणि लाकडांच्या मध्ये मातीत पडली. आवाज फारसा झाला नाही.

"निघाली का?" तात्यांनी विचारलं.

"निघाली."

"देवा पांडुरंगा!" म्हणत तात्या गर्रकन वळले, खड्डा बघितला, ड्रम बघितला, राखेनं माखलेल्या आम्हा दोघींना बघितलं, आणि तितक्याच घाईनं पुन्हा पाठमोरे झाले. "मी काय बगितलं न्हाई, वहिनी."

"न्हाई बगितलं तुमी," भाभी म्हणाली. त्या काही महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, आणि मग ती रडली. मी हातोडा धरूनच उभी होते. मला वाटतं, मीही रडले. राखेमुळे नीट कळलं नाही.

नवी कडी फ्रीजरमध्ये बोंबलांच्या पुडीशेजारी ठेवलेली होती. थंडीनं ती आवळली होती, ड्रम अजून ऊन होता. भाभीनं ती सरळ धरून ठोकली आणि ती आत बसली. मग तिनं तळहातावर ग्रीस घेतलं आणि बेरिंगच्या रोळ्यांमध्ये दाबून दाबून भरलं, करंजीत सारण भरतात तसं, एकही फट न ठेवता. तिच्या त्या काळ्या हातांना बघताना माझ्या मनात आलं, की एवढं पोट भरून काही करायला तिला भाई गेल्यानंतर मिळालंच नव्हतं.

संध्याकाळी ती खळ्यात गाडी फिरवायला गेली. मी परसात उभी राहिले आणि मला काहीच ऐकू आलं नाही. भाईची गाडी वळणावर आली की आधी ते चाक ऐकू यायचं. भाभी चहा टाकायची आणि मी पुस्तकात खूण घालायची. भाई दारात यायच्या आधी आम्हा दोघींना ठाऊक असायचं. आता गाडी खळ्यावरून निमूट फिरत होती. दुरुस्तीच करायची म्हणून आम्ही बसलो होतो. दुरुस्तीबरोबर काय काढून टाकतो आहोत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाभीच्या आलं असेल. ती उतरल्यावर एवढंच म्हणाली, "गप झाली."

इकबालभाई आले तो दिवस लख्ख उन्हाचा होता. त्यांनी आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. भाभीनं ओट्यावरून पाय खाली ठेवला, भावाच्या छातीला डोकं टेकलं, जरा वेळ तशीच राहिली. मग त्यांच्या उघड्या दारासमोरून चालत आपल्या गाडीत जाऊन बसली.

"शमी, पुढं घाट आहे."

"म्हायती हाय. मी तिकडनंच आले व्हते."

इकबालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या बाजूनं आत बसले. त्यांनी आपल्या गाडीचं दार लावलं, फार हळू. मला त्यांचंही वाईट वाटलं. ते बहिणीला जपायला आले होते आणि त्यांना दुसरी कुठली रीत ठाऊक नव्हती. पूर्ण घाटभर ते आमच्या मागून येत राहिले, वळणावळणाला आमचं मागचं चाक बघत. ताम्हिणीत धबधबे आटून नुसत्या ओल्या काळ्या रेघा राहिल्या होत्या. भाभी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे बघत होती. आम्ही दोघी इतक्या दमलेल्या होतो की घाट उतरतोय हेसुद्धा खाली पोचल्यावर कळलं.

तिला तिथं सोडून मी एसटीनं परतले. ती येईल असं मी धरून चालले नव्हते. इकडे गावानं मिळून आमचं भात कापलं, तात्यांनी खळ्याशेजारी रचून ठेवलं. पुढे एका दुपारी तिचा फोन आला, मुठ्याहूनच. मी विचारलं, काय झालं गं? कुणी काही बोललं का?

"न्हाई गं. सगळ्यांनी लई जपलं. अम्मीजवळ झोपले. चहाचा कपसुदिक उचलू दिला न्हाई कुणी." ती थांबली. "म्हणून आले."

यंदाची कापणी चालू आहे. मोठी वावरं भाभीनं तात्यांना कसायला दिली आहेत. तिच्याच्यानं सगळं होत नाही आणि ती तसं सांगते. विहिरीजवळचं एक लहान वावर तिनं स्वतःकडे ठेवलं आहे, त्यात आंबेमोहोर असतो. महिन्या-दोन महिन्यांनी ती ताम्हिणी उतरून आईला भेटते आणि परत येते. इकबालभाई अजून शेताचा विषय काढतात, ती अजून नाही म्हणते. शनिवारी मी जाते. ओट्यावर आता आम्ही दोघी बसतो.